वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : आहाराचा सल्ला आणि समअनुभवींची साथ हाही उपचाराचाच भाग

भिलाई (छत्तीसगड) : स्थूलतेवरील शस्त्रक्रिया साधारणतः एक ते तीन तासांत पूर्ण होते आणि गुंतागुंत उद्भवली नाही, तर रुग्ण काही दिवसांतच घरी परततो. त्यानंतर मात्र त्याला आयुष्यभर नव्या पद्धतीने जेवावे लागते. शल्यचिकित्सक जठराचा आकार बदलू शकतो; सवयी, घरातील स्वयंपाक आणि लग्नाच्या पंगतीतील आग्रह बदलणे त्याच्या हाती नसते. म्हणूनच आहारतज्ज्ञांचा नियमित सल्ला आणि हाच मार्ग आधी चालून गेलेल्या रुग्णांची साथ, या दोन गोष्टींना या उपचारात शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे. भिलाईसारख्या औद्योगिक शहरात हा प्रश्न अधिक ठळक होतो. येथील अनेक कुटुंबे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रायपूर, नागपूर किंवा मुंबईकडे पाहतात. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात आणि जेवण घरी, अशी विभागणी झाली की पाठपुरावा सुटण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूल गटात मोडतात. त्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. वजन आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हा निर्णयाचा पहिला निकष असतो. भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वजनावरही आढळतात. त्यामुळे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सहमतीत ३७.५ पेक्षा अधिक बीएमआय, किंवा सहव्याधी असल्यास ३२.५ पेक्षा अधिक बीएमआय, ही शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादा ठरवण्यात आली. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे सुमारे ९६ आणि ८३ किलो वजन असा होतो.

आरोग्य विम्याचा निकष याहून कडक आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतील प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान ४० असावा लागतो. अथवा तो किमान ३५ असून त्यासोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांसारखी गंभीर व्याधी असावी लागते. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेल्या रुग्णाला विम्याची रक्कम मिळेलच असे नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी पॉलिसीतील ही अट वाचून घेणे हिताचे ठरते.

मराठी वाचकांना या शस्त्रक्रियेचा परिचय प्रामुख्याने २०११ मध्ये झाला. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर त्या वर्षी मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली आणि तिची मोठी चर्चा झाली. त्यानंतर ‘चरबी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया’ असा गैरसमजही पसरला. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत चरबी काढली जात नाही.

पोटात नेमके काय बदलते?

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून त्याला अरुंद नळीसारखा आकार दिला जातो. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडली जाते. दोन्ही प्रकारांत थोड्याच घासांत पोट भरते आणि भूक व तृप्ती यांच्याशी संबंधित संप्रेरकांमध्येही बदल होतो. मात्र अन्न कमी जात असल्याने प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वेही कमी मिळतात. बायपासमध्ये त्यांचे शोषणही घटते. आहारसल्ल्याची सारी मांडणी या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

सुरुवातीच्या दिवसांत डाळीचे गाळलेले पाणी, पातळ ताक, गाळलेले सूप असे द्रवपदार्थ घोट-घोट दिले जातात. नंतर काही दिवस दूध व इतर दाट द्रव, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले मऊसर अन्न, मग नरम घन आहार आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण अल्प प्रमाणात, असा क्रम असतो. रुग्णालयांगणिक दिवसांचा हिशेब थोडा बदलतो. रुग्णाने आपल्याच शल्यचिकित्सकाचे वेळापत्रक पाळावे. शेजारच्या रुग्णाने तिसऱ्या आठवड्यात पोळी खाल्ली म्हणून आपणही खावी, हा मोह टाळणे आवश्यक आहे.

भाताच्या प्रदेशात प्रथिनांचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. छत्तीसगड हा भाताचा प्रदेश. येथे राहणाऱ्या मराठी घरांच्या ताटातही भाताला मोठे स्थान असते. शिजवलेल्या १५० ग्रॅम भातातून जेमतेम चार ग्रॅम प्रथिने मिळतात. जठरात जागाच थोडी उरली असताना ती आधी भाताने भरली, तर प्रथिनांसाठी जागा राहत नाही. म्हणून जेवणाचा क्रम उलटावा लागतो : प्रथम पनीर, अंडे, घट्ट वरण, मासे किंवा चिकन, त्यानंतर भाजी, आणि जागा उरल्यास शेवटी दोन घास भात किंवा पोळीचा तुकडा.

हिशेब अवघड नाही. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८, दोन पेले दुधातून १३, वाटीभर घट्ट वरणातून ६, दीडशे ग्रॅम दह्यातून ५ आणि २० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज ६४ होते. सुरुवातीच्या महिन्यांत एवढे खाणे शक्य नसते; तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर घ्यावी लागते. अंडी न खाणाऱ्यांनी हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून आधीच करून घ्यावा.

स्थानिक पदार्थांवर सरसकट बंदी घालण्याची गरज नसते. तांदळाच्या पिठाच्या चील्याऐवजी मूगडाळीचा किंवा बेसनाचा चीला करता येतो. ‘बासी’ मात्र सुरुवातीच्या काळात दोन कारणांनी अडचणीची ठरते. रात्रभर पाण्यात भिजवलेल्या या भातात प्रथिने कमी असतात आणि घन व द्रव एकाच वेळी पोटात जातात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, हा शस्त्रक्रियेनंतरचा मूलभूत नियम त्यामुळे मोडतो. सणासुदीच्या ठेठरी-खुरमीसारख्या तळलेल्या व गोड पदार्थांची जागा चवीपुरतीच असावी. बायपास झालेल्या रुग्णाला साखरेचे पदार्थ खाल्ल्यावर धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात.

पाळी, उष्णता आणि पाणी

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याने या शहराला पाळ्यांचे जीवन दिले. पाळी बदलली की जेवणाच्या वेळाही बदलतात. शस्त्रक्रिया झालेल्या कामगाराने घड्याळातील वेळेऐवजी दोन जेवणांमधील अंतर धरून नियोजन करणे सोयीचे ठरते. जागे झाल्यापासून तीन-चार तासांच्या अंतराने लहान आहार, प्रत्येक घास नीट चावून आणि एका जेवणास वीस-तीस मिनिटे, अशी ही घडी असते.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव आवश्यक असतो. पण लहान झालेल्या जठरात पेलाभर पाणी एकदम मावत नाही. शरीरातील पाणी कमी होणे हे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात आणि त्यातही भट्टीजवळच्या कामात हा धोका वाढतो. त्यामुळे अशा जागी कामावर परतण्याचा निर्णय शल्यचिकित्सक आणि कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी यांच्या सल्ल्यानेच घ्यावा. बाटली सतत जवळ ठेवून दर काही मिनिटांनी घोट घेण्याची सवय रुग्णालयातून निघण्यापूर्वीच लावून घ्यावी.

गोळ्या थांबल्या की धोका

वजन उतरू लागले आणि प्रकृती सुधारली की जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करण्याकडे कल होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता हळूहळू वाढते. थकवा, हातापायांना मुंग्या आणि हाडांचे दुखणे ही लक्षणे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये.

बी-१ म्हणजे थायमिनची कमतरता मात्र वाट पाहत नाही. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या होत असतील, तर तो संपून दृष्टी, चाल आणि स्मृती यांवर परिणाम होऊ शकतो आणि तो कायमचाही राहू शकतो. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजचे सलाइन लावल्यास प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक आणि शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णाने नेहमी जवळ ठेवावे आणि गावातील कोणत्याही डॉक्टरांना ते प्रथम दाखवावे. थांबत नसलेल्या उलट्या, ताप, वाढती पोटदुखी, छातीतील धडधड किंवा काळा शौच ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

समअनुभवींची साथ कशासाठी?

स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींची नोंद ठेवण्यात आली. दोन वर्षांनी त्यांचे वजन सरासरी २३ टक्क्यांनी घटलेले होते. दहा वर्षांनी ही घट १७ टक्के, तर वीस वर्षांनी १८ टक्के राहिली. लाभ टिकतो, पण पहिल्या दोन वर्षांनंतर काही वजन परत येते, असे ही आकडेवारी सांगते. नेमक्या याच काळात रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात, नातेवाइकांचे कौतुक ओसरलेले असते आणि जुन्या सवयी परतू लागतात. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर चढते आणि दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाण्याचा धोका वाढल्याचे दिसून आले आहे. काहींना नैराश्यही ग्रासते.

आधारगटांच्या बैठकांना नियमित जाणाऱ्या रुग्णांचे वजन अधिक घटते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मुळातच जिद्दी असलेले रुग्ण बैठकांना अधिक येत असावेत, ही शक्यता लक्षात घेऊन हा निष्कर्ष वाचायला हवा. तरीही गटाचा एक लाभ निर्विवाद आहे : केस गळू लागल्यावर, अन्न घशाखाली अडकल्यावर किंवा सैल झालेल्या त्वचेची लाज वाटू लागल्यावर ‘हे मलाही झाले होते’ असे सांगणारे कोणी तरी भेटते.

समअनुभवींच्या आधाराची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अनिता उर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच पुढे इतरांना सावरण्याच्या कामात सहभागी होत आले आहेत. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठीही गट आहे. स्थूलतेच्या शस्त्रक्रियेला हा दुसरा धडा विशेष लागू पडतो. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि ताटात आग्रहाने वाढणारी व्यक्ती बैठकीला आली नाही, तर आहारतज्ज्ञांचा कागद भिंतीवरच राहतो.

गट कसा असावा?

यासाठी मोठी संस्था लागत नाही. महिन्यातून एकदा जमणारी पाच-सात कुटुंबे आणि वर्षभर संपर्कात राहणारे एक आहारतज्ज्ञ एवढे पुरेसे आहे. कारखान्याच्या वसाहतींत शेजारधर्म आणि भाषिक मंडळांची जुनी सवय असलेल्या भिलाईत अशी सुरुवात अवघड नाही. गटात शस्त्रक्रियेचा विचार करणारे, नुकतीच झालेले आणि पाच वर्षे लोटलेले असे तिन्ही प्रकारचे सदस्य असावेत. केवळ पहिल्या सहा महिन्यांतील यशोगाथा ऐकणाऱ्या नव्या रुग्णाला अर्धेच चित्र दिसते.

काही मर्यादा मात्र पहिल्याच बैठकीत स्पष्ट कराव्यात. घटलेल्या किलोंची स्पर्धा नको. कोणाचीही माहिती गटाबाहेर जाऊ नये. औषधांविषयी सदस्यांनी सल्ला देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांची मात्रा लवकर बदलावी लागते. ती दुसऱ्याच्या अनुभवावरून बदलल्यास साखर किंवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. वेदनाशामक गोळ्यांबाबतही हेच लागू होते. बायपासनंतर त्यांतील काही गोळ्यांमुळे व्रण होऊ शकतात. उपवास करावयाचा असल्यास आणि महिलांनी गर्भधारणेचे नियोजन करताना डॉक्टरांशी आधी बोलावे. साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे रुग्णालयाकडून पाठपुरावा आणि त्यानंतर आयुष्यभर वर्षातून किमान एकदा तपासणी सुचवण्यात आली आहे. भारतात रुग्णाने हीच अपेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयासमोर ठेवावी. दोन वर्षांपर्यंत आहारतज्ज्ञ कोण, दूरध्वनीवर सल्ला मिळेल का, रक्ततपासण्या भिलाईत करून अहवाल पाठवता येतील का आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशी बोलता येईल का, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख निश्चित करण्याची घाई करू नये.