पेट्रोलवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर : ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

दीड मीटर व्यासाचा रोटर, सहा किलोच्या आसपास वजन आणि पोटात पंचवीस सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, असं हे रिमोटवर उडणारं पेट्रोल हेलिकॉप्टर. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, इंजिन आपल्या ओळखीचं आहे. ड्रोन उडवणाऱ्याला वाटतं, रिमोट आपल्या ओळखीचा आहे. दोघांनाही थोडं थोडं माहीत असतं आणि या यंत्राबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या थोड्या माहितीतूनच निघतात. हेलिकॉप्टर कोसळतं तेव्हा सगळे उडवणाऱ्याच्या बोटांकडे बघतात. माझ्या मते बहुतेक वेळा कारण त्याआधीच टेबलावर तयार झालेलं असतं. कार्ब्युरेटरच्या सुईत, इंधनाच्या नळीत नाही तर एखाद्या सैल स्क्रूत.

सुरुवात ताकदीपासून करू. ‘पेट्रोल म्हणजे नायट्रोपेक्षा दणकट’ असं सर्रास ऐकू येतं. नायट्रो म्हणजे मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. त्यावर चालणारं पंधरा सीसीचं इंजिन जेवढा जोर देतं, साधारण तेवढ्यासाठी पेट्रोलला पंचवीस सीसी लागतात, आणि वजनही वाढतं. पेट्रोलचा खरा फायदा वेगळा आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक किलो मेथनॉलमध्ये सुमारे २०. म्हणून अर्ध्या लिटर पेट्रोलवर वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उडता येतं. तेवढंच नायट्रो आठ-दहा मिनिटांत संपतं. ज्याला हवेत कोलांट्या मारायच्या आहेत त्याने वीज किंवा नायट्रो निवडावं. ज्याला शांतपणे, लांब, पुन्हा पुन्हा उडायचं आहे त्याच्यासाठी पेट्रोल आहे.

ही इंजिनं मुळात हेलिकॉप्टरसाठी जन्मलेली नाहीत. या छंदात वर्षानुवर्षं चाललेलं जपानच्या झेनोआ कंपनीचं साडेबावीस सीसीचं जी-२३० हे इंजिन गवत कापायच्या यंत्रांच्या घराण्यातलं. कोकणात पावसाळ्यानंतर खांद्याला अडकवून रान साफ करायला जो ग्रास कटर वापरतात, त्याचं इंजिन याच जातीचं असतं. त्यामुळे ‘ग्रास कटर चालवता येतो, म्हणजे हेही जमेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ग्रास कटर बंद पडला तर माणूस दोरी ओढून तो पुन्हा चालू करतो. इथे तीस मीटर उंचीवर दोरी ओढायला कोणी नसतं.

आता कार्ब्युरेटर. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत महागडा गैरसमज इथेच आहे: ‘इंजिन जितकं तिखट वाजेल तितकं ट्यूनिंग चांगलं.’ या इंजिनांवर पडद्याचा कार्ब्युरेटर असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर त्यातला छोटा पंप इंधन ओढतो, म्हणून हेलिकॉप्टर तिरकं झालं तरी इंधन येत राहतं. त्यावर दोन सुया असतात, कमी वेगासाठी एल आणि जास्त वेगासाठी एच. सुई घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत फिरवली की इंधन कमी होतं, मिश्रण लीन होतं, आवाज टणक होतो आणि फेरे वाढतात. ऐकायला बरं वाटतं. पण टू-स्ट्रोकमध्ये तेल इंधनातूनच येतं. इंधन तोडलं की पिस्टनचं तेलही तुटतं आणि त्याच वेळी उष्णता वाढते. फेरे सर्वांत वाढतात ती जागा पिस्टन सीझ होण्याच्या अगदी अलीकडची असते.

नायट्रोवरून पेट्रोलकडे येणारे इथे हमखास फसतात. मेथनॉल वाफ होताना सिलिंडरमधली बरीच उष्णता शोषून घेतं, आणि ते जळतंही जास्त. हवेच्या साडेसहा भागांना मेथनॉलचा एक भाग लागतो, पेट्रोलला मात्र हवेचे १४.७ भाग. सगळा हिशेब मांडला तर तेवढ्याच हवेमागे मेथनॉलचा गारवा पेट्रोलच्या सुमारे सातपट पडतो. म्हणून नायट्रो इंजिन थोडी चूक सोसतं. पेट्रोल इंजिनाचा भरवसा फक्त पंख्याच्या हवेवर असतो. पंख्याचं आवरण तुटलेलं असेल किंवा सिलिंडरच्या पट्ट्यांत गवत अडकलं असेल, तर सुई अचूक असूनही इंजिन भाजतं.

गव्हर्नर लावला की सुईची काळजी नको, असंही म्हणतात. गव्हर्नर रोटरचे फेरे मोजतो आणि थ्रॉटल कमी-जास्त करून ते कायम राखतो. नेमकं त्यामुळेच तो लीन मिश्रण झाकतो. फेरे वाढले की तो थ्रॉटल मागे घेतो आणि वाढलेला आवाज तुमच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सुई लावताना गव्हर्नर बंद ठेवावा, थोड्या रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूने सुरुवात करावी, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत यावं, आणि प्रत्येक वेळी उतरून सिलिंडरचं तापमान मोजावं. स्पार्क प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी ठीक, काळा आणि ओला म्हणजे रिच, पांढुरका म्हणजे लीन.

एकदा लावलेली सुई कायमची नसते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, हवा थोडी विरळ. पुण्यात बेतून लावलेलं इंजिन मुंबईच्या किनाऱ्यावर नेलं तर दाट हवेमुळे ते लीन होतं, म्हणजे धोक्याच्या बाजूला सरकतं. ऋतूंचंही तसंच. मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांत लावलेली सुई डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत वापरली, तर हवा सुमारे दहा टक्के दाट झालेली असते. पहिल्या थंड सकाळी एच सुई जरा उघडून उडवणारा माणूस इंजिन वाचवतो.

त्यात इथेनॉलची भर. आपल्या पंपांवर आता साधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. परदेशी माहितीपुस्तिकेत सुईचे जे फेरे दिले असतात, ते शुद्ध किंवा कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर ठरवलेले असतील तर इथे लीन ठरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर पडून राहिला की त्या पेट्रोलवर उडू नये. कार्ब्युरेटरचा पडदाही त्यात ताठरतो. संध्याकाळी टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालवावं.

‘तेल जास्त टाकलं की इंजिन सुरक्षित’ ही समजूत स्कूटरच्या जमान्यातली. कंपनी ३२ला १ सांगत असेल तर लिटरमागे ३१ मिलिलिटर टू-टी तेल. कोणी काळजीपोटी ५० मिलिलिटर टाकतं. पण त्याच सुईतून जाणाऱ्या मिश्रणात आता पेट्रोल कमी आहे आणि मिश्रण घट्टही झालंय. म्हणजे तेल वाढवलं आणि मिश्रण लीन केलं. प्लगवर काजळी धरते ती वेगळीच.

नळीचा मुद्दा छोटा आहे, पण त्यानेही हेलिकॉप्टर पडतं. नायट्रोसाठी वापरतात ती सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि विरते. पेट्रोलला टायगॉनसारखी पेट्रोल सोसणारी नळीच हवी, टाकीच्या आतसुद्धा.

‘थ्रॉटल वाढवला की हेलिकॉप्टर वर जातं’ हे ड्रोनच्या बाबतीत खरं आहे, कारण ड्रोनची पाती ठरलेल्या कोनात असतात आणि उंची फेऱ्यांवर ठरते. इथे फेरे जवळपास स्थिर ठेवतात, मिनिटाला पंधराशेच्या आसपास, आणि बदलतो तो पात्यांचा कोन. रिमोटवरची (रचनेनुसार डावी किंवा उजवी) काडी वर केली की तीन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, पात्यांचा कोन ठरवणारी स्वॉशप्लेट ही तबकडी उचलतात, पाती हवेला जास्त कोनात भिडतात आणि इंजिनावर भार येतो. म्हणून जुळणीच्या वेळी कोनमापक लावून बघायचं: काडी मध्यावर असताना शून्य अंश, तरंगताना पाच-सहा, शेवटाला दहा-अकरा. पेट्रोल इंजिनाला यापुढे कोन दिला तर ते दबतं आणि फेरे पडतात. थ्रॉटलचा सर्व्हो पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो का, मध्ये कुठे अडत नाही ना, हेही इंजिन थंड असतानाच तपासायचं.

जायरोवर लोकांचा फारच विश्वास बसलाय. आजची फ्लायबारलेस, म्हणजे रोटरवरच्या तोलदांडीऐवजी जायरो वापरणारी, यंत्रणा तिन्ही अक्षांवरचं डोलणं रोखते, पण हेलिकॉप्टरला एका जागी धरून ठेवत नाही. वाऱ्याने ढकललं की ते सरकतं, आणि परत आणायचं काम माणसाचं. त्यातही जायरोला खरं काय आणि कंप काय हे वेगळं करता आलं पाहिजे. एकाच सिलिंडरचं इंजिन मुळात हादरतं. पात्यांचा तोल किंचित चुकला, पात्यांची टोकं एका रेषेत फिरत नसली की शेपटी थरथरते आणि लोक नवा जायरो विकत घेतात. आधी पाती तोलावीत, मग धातूत बसणारे सगळे स्क्रू काढून, साफ करून, निळं लॉकटाइट लावून घट्ट करावेत. पाच-सहा उड्डाणांनी पुन्हा फिरून बघावेत. आणि हेलिकॉप्टर पेट्रोलवर चालत असलं तरी रिसीव्हर आणि सर्व्होंची बॅटरी चार्ज करावीच लागते. उड्डाण लांबतं, म्हणून ती जास्त उतरते.

इंजिन हवेत बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, ही भीती जवळपास सगळ्यांना असते. पण मुख्य गिअरमध्ये एकाच दिशेने अडकणारं बेअरिंग असतं, त्यामुळे इंजिन थांबलं तरी रोटर मोकळा फिरू शकतो. लगेच कोन थोडा उणे केला की खालून येणारी हवाच रोटर फिरता ठेवते. जमिनीजवळ नाक उचलून वेग मारायचा आणि साठलेली फिरती ऊर्जा कोन वाढवून एकदाच खर्च करायची. हे ऑटोरोटेशन शिकता येतं, आणि आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर शिकावं. मात्र उंची आणि पुढचा वेग यांपैकी काहीतरी हाताशी हवं. दहा-पंधरा फुटांवर तरंगताना इंजिन गेलं तर वाचायला फारसा अवकाश नसतो. तरीही नवशिक्यांनी अगदी वीतभर उंचीवर तरंगत बसू नये. रोटरची हवा जमिनीवर आपटून परत येते आणि हेलिकॉप्टर घसरत राहतं. दोन मीटरवर ते जास्त शहाण्यासारखं वागतं.

हा ड्रोन नाही, म्हणून नियम लागू नाहीत, असं समजू नये. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात आणि केवळ शिक्षण, संशोधन किंवा विरंगुळ्यासाठी उडवलेलं यान ‘मॉडेल’ या गटात येतं. त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे त्यालाही आहेत. हिरव्या पट्ट्यात उंची ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. मैदानाची परवानगी आहे असं कोणी तोंडी सांगितलं तरी त्या दिवशीचा आदेश बघावा.

आणि शेवटचा गैरसमज, ज्यापुढे बाकीचे सगळे किरकोळ आहेत: ‘मोठं असलं तरी खेळणंच.’ दीड मीटरचा रोटर मिनिटाला पंधराशे फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी सव्वाचारशे किलोमीटरने जातं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला. ते विजेवर चालणारं होतं, पात्यांना त्याने फरक पडत नाही. पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक जागा धोक्याची आहे, ती म्हणजे सुरू करण्याची. क्लच केंद्रोत्सारी असतो, फेरे वाढले की आपोआप पकडतो. म्हणून ट्रान्समीटरवर थ्रॉटल होल्ड (थ्रॉटल आयडललाच धरून ठेवणारं बटण) लावल्याशिवाय दोरीला हात लावू नये, आणि दुसऱ्या हाताने रोटरचं डोकं घट्ट धरावं. सिग्नल तुटला तर थ्रॉटल आयडलला जाईल असं फेलसेफ ठरवून ठेवावं, आणि ते ट्रान्समीटर बंद करून, इंजिन थंड असताना, सर्व्होकडे बघत खात्री करून घ्यावं. इंजिन मंद चालू असतानाच हेलिकॉप्टर उचलून मैदानाच्या आत न्यावं, ठेवून मागे निघावं, आणि किमान दहा मीटर अंतर पडल्यावरच होल्ड काढावा. बघे उडवणाऱ्याच्या मागे उभे राहतील, बाजूला नाही. कोणी पुढे आलं तर उतरावं आणि इंजिन बंद करावं.