चाळणी कोणाच्या हाती?

वसई रोड स्थानकाकडून वसई गावाकडे जाताना वाटेत पापडीचा नाका लागतो. या नाक्यावर ज्या बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय आहे, तिची स्थापना १९१८ सालची. त्याच साली मुंबईत ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ ही चित्रकारांची संस्था जन्मास आली. एक संस्था पैशाची, दुसरी चित्रांची. साल एक असणे हा केवळ योगायोग. परंतु दोघींनाही पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले. आत कोणाला घ्यायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

सहकाराने या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मानले. पात्र व्यक्तीला संस्थेने नकार दिला, तर कारणे कळवावी लागतात. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळविलाच नाही, तर अर्जदार सभासद झाला असे समजले जाते. नकाराविरुद्ध दाद मागता येते. कार्यकारिणीतील कोणाची मर्जी सांभाळल्याशिवाय सामान्य माणसाला आपला हक्क मिळावा, हा या तरतुदींमागील हेतू. गृहनिर्माण संस्थेत अथवा पतपेढीत ज्यांचे नाव आहे, अशा प्रत्येक शिक्षकाला आणि कारकुनाला या तरतुदींचे मोल ठाऊक आहे.

चित्रकारांच्या मंडळाला हे उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही. बँकेत एक सभासद वाढला तर भांडवल वाढते. प्रदर्शनात एक सभासद वाढला तर इतरांच्या वाट्याची भिंत घटते. भिंतीची लांबी ठरलेली असते. शिवाय कलेत गुणवत्तेचा प्रश्न आहे. वर्गणी भरली म्हणून कोणाचे चित्र पाहण्याजोगे होत नाही. म्हणूनच बहुतेक कलामंडळांनी सभासदत्वाचे दोन स्तर केलेले दिसतात. साधारण सभासद वर्गणी भरून कोणालाही होता येते. व्याख्याने, प्रात्यक्षिके, निसर्गचित्रणाच्या सहली यांत त्याला भाग घेता येतो. प्रदर्शक सभासद मात्र निवडून घेतला जातो आणि मंडळाच्या नावाने चित्र टांगण्याचा व विकण्याचा अधिकार त्यालाच मिळतो.

निवडीची रीत जगभर थोड्याफार फरकाने सारखीच आहे. अर्जदार आपल्या चार-सहा अलीकडच्या कृती सादर करतो. पूर्वी मूळ चित्रे वा पारदर्शिका असत, आता बहुधा छायाचित्रे. परीक्षक मंडळ त्या पाहते आणि गुप्त मतदानाने निर्णय घेते. पाहण्याची गोष्ट एखादे सुरेख चित्र ही नसते, कारण एक चित्र कोणालाही साधून जाते. सर्व कृतींत मिळून एक दृष्टी आणि एक पक्का हात दिसतो की नाही, हे तपासायचे असते. कृती स्वतःची आहे की कोणाच्या छायाचित्रावरून उतरविलेली, मांडणी प्रदर्शनाला साजेशी आहे की नाही, हेही पाहिले जाते. अनेक ठिकाणी पहिले वर्ष उमेदवारीचे असते. त्या काळात नव्या सभासदाने दालनात बसायचे, चित्रे टांगायला मदत करायची आणि मंडळाचा भार आपल्या खांद्यावर घ्यायचा.

या खटाटोपाचे आर्थिक कारण साधे आहे. सामान्य ग्राहकाला चित्राची किंमत योग्य की अयोग्य हे कळत नाही. तांदूळ दाताखाली धरून पाहता येतो, चित्राचे तसे नाही. अशा वेळी ग्राहक चित्रकाराच्या मागे उभ्या असलेल्या संस्थेच्या नावावर विसंबतो. पत हेच संघाचे खरे भांडवल, ही जाण आपल्या भूमीत फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे दोन हजार व एक हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. व्याजाचा दर पहिलीचा दरमहा शेकडा एक आणि दुसरीचा पाऊण. उषवदाताच्याच दुसऱ्या लेखात शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतील सोपाऱ्याचाही उल्लेख येतो. कारागिरांच्या संघाकडे कायमची ठेव सोपविली जाते, ती त्या संघाच्या नावावरील विश्वासाने. ते नाव सैलपणे वाटले तर त्याची किंमत उतरते, हा निवडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होय.

स्वार्थ आणि कसोटी

परंतु अडचण येथूनच सुरू होते. नाव जपण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले जाते, त्यांचा स्वतःचा लाभही त्या नावाशी बांधलेला असतो. परीक्षक हे बहुधा जुने प्रदर्शक सभासदच असतात आणि नवा माणूस आत आला की भिंत त्यांचीच आखडते. समजा, एखाद्या मंडळात वसईच्या किल्ल्याची जलरंगातील चित्रे करणारा ज्येष्ठ सभासद परीक्षक आहे आणि किल्ल्याचीच चित्रे घेऊन एक तरुण अर्ज करतो. परीक्षक कितीही सज्जन असला, तरी ‘हा विषय आता फार झाला’ असे त्याला प्रामाणिकपणे वाटू लागेल. प्रामाणिक वाटणे आणि निःपक्ष असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. व्यवसायसंघांचे विशेषाधिकार दर्जाच्या नावाने मागितले जातात आणि स्पर्धा रोखण्यासाठी वापरले जातात, हा ॲडम स्मिथचा १७७६ मधील आक्षेप रंग-कुंचल्यालाही लागू पडतो.

लंडनच्या रॉयल अकादमीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १७६८ मध्ये तिची स्थापना झाली, तेव्हा संस्थापक सभासदांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पुढील सभासद मात्र सभासदांनीच निवडायचे होते. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून एखादी स्त्री निवडून येण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या लॉरा नाइट. दीडशेहून अधिक वर्षे ब्रिटनमध्ये त्या योग्यतेची एकही चित्रकर्ती नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. निवडणारे आपल्यासारख्यांनाच निवडत राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीवरील युरोपीयांचे वर्चस्व जाचू लागले, तेव्हा भारतीय चित्रकारांनी १९१८ मध्ये आपली वेगळी सोसायटी काढली. तरीही बॉम्बे आर्ट सोसायटीच्या परीक्षकांना नेहमीच नजर नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये तिनेच सुवर्णपदक दिले. पुढे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. त्यांतील आरा यांनी घरगडी म्हणून पोट भरले होते आणि हुसेन यांनी चित्रपटांचे फलक रंगविले होते. पदविकेची अट घालणाऱ्या मंडळाने या दोघांचे अर्ज उघडूनही पाहिले नसते. मात्र प्रस्थापितांवर रुसून निघालेला हा गटही काही खुला नव्हता. वासुदेव गायतोंडे त्यात आले ते निमंत्रणानेच. दार तोडून बाहेर पडणारे लवकरच स्वतःचे दार बसवितात, आणि त्यालाही कडी असतेच.

मग चाळणीच नको, असे म्हणावे काय? पॅरिसमध्ये हा प्रयोग दोनदा झाला. १८६३ मध्ये अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली की, तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचेच वेगळे प्रदर्शन भरविण्याचा आदेश दिला. लोक तेथे हसायला गेले. पण ज्या माने यांच्या चित्रावर ते हसले, ते आज जगभर अभ्यासले जाते. १८८४ मध्ये स्वतंत्र कलावंतांनी परीक्षक नाहीत आणि पारितोषिकेही नाहीत, अशा तत्त्वावर आपले प्रदर्शन सुरू केले. तथापि हेही विसरता कामा नये की, १८६३ मध्ये नाकारल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. परीक्षक पुष्कळदा बरोबर असतात. ते केव्हा चुकले हे त्यांना स्वतःला कळत नाही, एवढेच. म्हणून चाळणी मोडण्यापेक्षा तिची चूक उघड होईल अशी सोय करणे शहाणपणाचे.

पालघरची परीक्षा

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लिहिलेल्या या चौकाला चौकट नव्हती, सही नव्हती, किंमतही नव्हती. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. ‘कॅनव्हासवरील, चौकटीत बसविलेल्या, गेल्या दोन वर्षांतील सहा कृती आणि कलाशिक्षणाचे प्रमाणपत्र’ अशी अट असलेल्या मंडळात म्हसे बसले नसते, आणि चौक लिहिणाऱ्या सवाशिणी तर मुळीच नाहीत. वसईच्या पट्ट्यातही नाताळात गोठ्याचे देखावे उभारणारे, मूर्ती रंगविणारे, रंगमंच सजविणारे हात आहेत. त्यांना कलावंत म्हणायचे की कारागीर, हे अर्जाच्या नमुन्यातील एका ओळीने ठरून जाते. अर्जाचा नमुना हाच पहिला परीक्षक असतो, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

दुसरा मूक परीक्षक म्हणजे खर्च. पापडीतील तरुण चित्रकाराला आजही मोठ्या प्रदर्शनासाठी काळा घोड्याकडे पाहावे लागते. १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनात तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. मिळाली, तरी वसई रोड ते चर्चगेट हे पन्नास किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, आणि चार फुटी चित्र गर्दीच्या लोकलमध्ये चढत नाही. टेम्पो करावा लागतो. चौकटी, वाहतूक, दालनाचे भाडे, निमंत्रणपत्रिका यांचा हिशेब मांडला, तर लहान पगारावरील घराचे महिने कोसळतात. त्यात अर्जाचे शुल्क आधी घेऊन निवड नंतर करण्याची प्रथा. रॉयल अकादमीच्या उन्हाळी प्रदर्शनातही बाहेरच्या चित्रकाराला चित्र निवडले जावो वा न जावो, शुल्क भरावे लागते. नाकारलेल्यांच्या पैशातून निवडलेल्यांची भिंत उभी राहते, हे कोणत्याही हिशेबाने न्याय्य ठरत नाही.

म्हणूनच स्थानिक मंडळाची गरज खरी आहे. वसईत दृश्यकलेचे महाविद्यालय आहे आणि डिसेंबरअखेरच्या कला-क्रीडा महोत्सवात चित्रकलेच्या स्पर्धांना मुले गर्दी करतात. स्पर्धेतील मुलाचा प्रदर्शन भरविणारा चित्रकार व्हायचा असेल, तर मधला पूल कोणीतरी बांधला पाहिजे, आणि तो घराजवळ हवा. अशा मंडळाची घटना लिहिताना पाच-सहा गोष्टी आरंभीच ठरविल्या, तर पुढील पुष्कळ कटुता टळेल.

परीक्षक दरवर्षी बदलावेत आणि त्यांतील निम्मे तरी मंडळाबाहेरचे असावेत. कृती नावाविना पाहिल्या जाव्यात. लहान गावात आडनाव वाचले की घर, आळी आणि समाज कळतो, म्हणून हे तेथे अधिकच आवश्यक. पदविकेची अट नसावी. माध्यमांच्या यादीत भिंत, पीठ, लाकूड आणि माती यांनाही जागा असावी. शुल्क निवडीनंतर घ्यावे. नकाराचे कारण लेखी द्यावे, आणि पुढील वर्षी पुन्हा अर्ज करण्याचा हक्क असावा. शेवटी, वर्षातून एकदा एक भिंत परीक्षकांविना खुली ठेवावी. जो प्रथम येईल त्याने तेथे आपली कृती लावावी. परीक्षकांनी काय नाकारले, हे त्या भिंतीवर गावाला दिसेल, आणि परीक्षकांनाही.

लेखी कारण देण्यावर सर्वाधिक आक्षेप येईल. कलेची कारणे सांगता येत नाहीत, असे म्हटले जाईल. परंतु जो शिक्षक निबंधाला गुण देतो, त्याला कारण सांगावेच लागते, आणि सांगताना त्याचा निर्णय पुष्कळदा सुधारतो. ‘रेषा सैल आहे’, ‘तीन चित्रांत तीन वेगळे चित्रकार दिसतात’, ‘रंगाला खोली नाही’ एवढे शब्द नाकारलेल्याला वर्षभराच्या कामाला पुरतात. नुसता नकार मात्र माणसाला घरी पाठवितो आणि बहुधा कायमचा. अशा वेळी संस्थेने एका चित्राबरोबरच चित्रकारही गमावलेला असतो, आणि त्या तोट्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही.

एका अर्जाला तीन महिन्यांत उत्तर आणि नकाराला कारण, एवढी शिस्त कर्जाच्या आणि घराच्या व्यवहारात कायद्याने आणली. चित्राच्या व्यवहारात ती आणणारा कायदा नाही आणि बहुधा नसावाही. ती कलावंतांनी स्वतःहून पत्करायची आहे. पापडीच्या नाक्यावरून टेम्पोत चित्रे चढविणाऱ्या तरुणाला भिंत मिळेलच, असे कोणी वचन देऊ नये. पण ती का मिळाली नाही, हे जाणण्याचा त्याचा हक्क मानणारे मंडळच त्याच्या शुल्कावर आणि गावाच्या विश्वासावर हक्क सांगू शकेल.