काळ्या मातीत दबा धरून बसलेले विषाणू

मृगाचा पाऊस झाला की केज, अंबाजोगाई, परळीकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते. बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं संवर्धन चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. दीड महिन्याने ओल्या रानातून एखादं झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत तांबूस गुलाबी रंग दिसला, तर तिथले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवताहेत. पांढरट किंवा हिरवट निघाली, तर गाठ निकामी.

गाठी धरल्या नाहीत की दोष संवर्धनाच्या पाकिटाला दिला जातो, नाहीतर पावसाच्या खंडाला. बहुतेकदा ते खरंही असतं. पण त्याच मातीत जिवाणूंना ग्रासणारे विषाणूही आहेत. त्यांना फेज म्हणतात. १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या काही संशोधकांनी लसूणघास खुरटण्याचं खापर याच फेजवर फोडलं होतं.

फेजच्या जगण्याच्या दोन तऱ्हा. एक उघड मारेकऱ्याची: जिवाणूला चिकटायचं, डीएनए आत सोडायचा, त्याच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती बनवून घ्यायच्या आणि पेशी फोडून बाहेर पडायचं. ई. कोलाय जिवाणूवरचा टी-४ फेज हे सगळं अर्ध्या तासाच्या आत उरकतो. दुसऱ्या तऱ्हेत फेजचा डीएनए जिवाणूच्या डीएनएत मिसळून गप्प राहतो. जिवाणू वाढेल तसा तोही वाढतो. एस्थर लेडरबर्ग यांना १९५१ मध्ये सापडलेला लॅम्डा फेज या तऱ्हेचा.

मारायचं की दबा धरायचा, हे ठरतं कसं? २०१७ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोतेम सोरेक यांच्या गटाला बॅसिलस जिवाणूच्या फेजमध्ये याचं एक उत्तर मिळालं. प्रत्येक संसर्गात सहा अमिनो आम्लांचा एक चिमुकला रेणू बाहेर पडतो. तो भोवती साठला, म्हणजे बरेच यजमान आधीच मेलेले. मग पुढचे फेज फोडाफोड थांबवून उरलेल्या जिवाणूंत लपतात. ज्याला स्वतःची पेशीसुद्धा नाही, त्याने भोवतालचा अंदाज घ्यावा, याने मी आजही थक्क होतो.

बालाघाट डोंगररांगेतल्या रखरखीत उन्हाळ्यात लपणाऱ्याचंच फावणार. माती सुकली की बॅसिलस जाड कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो आणि त्याच्या डीएनएत बसलेला फेजही त्याच्यासोबत तगतो.

जिवाणूही हार मानत नाहीत. फेज जिथे चिकटतो ती जागा बदलतात, आत शिरलेला डीएनए कापून टाकतात. मग फेज बदलतो. ही चढाओढ अखंड चालू असल्याने प्रयोगशाळेत तगडा ठरलेला रायझोबियम प्रत्येक रानात टिकेलच असं नाही. संवर्धनासाठी जिवाणू निवडताना मराठवाड्याच्या मातीतले फेज त्याच्यावर सोडून पाहायलाच हवेत, असं मला ठामपणे वाटतं. चाचणी साधी आहे. बशीत जिवाणूंचा थर वाढवायचा आणि त्यावर मातीचा बारीक गाळलेला अर्क टाकायचा. मारेकरी फेज असेल तिथे थरात काचेसारखा स्वच्छ ठिपका पडतो. ठिपका गढूळ पडला, तर बहुधा दबा धरणारा फेज आहे: मधले काही जिवाणू त्याला पोटात घेऊन वाढत असतात.