शिकणारे हात आणि मोफत खाटा

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. देयकात दिलेली सूट ताळेबंदात दिसते, आणि आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना तेवढेच पाहण्याची सवय. या खाटांवरील रुग्ण आपल्यालाही काही देतो, त्याची नोंद मात्र कोणत्याच खात्यावर होत नाही.

आमच्या परिचर्या विद्यालयातील विद्यार्थिनी सलाईनची पहिली सुई बहुधा मोफत कक्षातच टोचावयास शिकतात. शीर सापडेपर्यंत दोन-तीनदा टोचले जाते. खासगी खोलीत त्याच विद्यार्थिनी दार वाजवून जातात, 'काकू, हात देता का?' असे विचारतात. सामान्य कक्षात त्याच वयाच्या स्त्रीला 'ए बाई, हात पुढे कर' असे ऐकावे लागते. हे कोणी शिकविलेले नाही, ज्येष्ठांचे पाहून अंगवळणी पडले आहे. दोष त्यांचा कमी, आमचा अधिक, कारण कामाच्या पाळ्या आम्हीच लावतो.

वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. रुग्णाची संमती घ्यावी, हे त्यात येतेच. परंतु फुकट उपचार घेणारा नाही कसे म्हणणार?

अहवाल वर्षात विद्यार्थिनींच्या नेमणुका दोन्हीकडे सुरू केल्या व संमती विचारणे सर्वत्र सक्तीचे केले. काही खासगी खोल्यांतून नकार आला, तो आम्ही मानला. सामान्य कक्षातून अद्याप एकही नकार आलेला नाही.