स्क्रममध्ये तुमची जागा कुठली, बॉस?

आमच्या टीममध्ये नवं काम आलं की सगळेच त्यावर तुटून पडतात. एका मेलला चौघांची उत्तरं जातात आणि मुख्य फाइल मात्र कुणीच उघडलेली नसते! परवा रात्री अकराला ऑफिसात डोकं धरून बसलो होतो, तेव्हा मला वेव्हेल वेकफिल्ड आठवला.

हा कोण बुवा? इंग्लंडच्या रग्बी टीमचा फॉरवर्ड, जन्म १८९८. पहिल्या महायुद्धात वैमानिक. १९१८ मध्ये या पठ्ठ्याने चक्क युद्धनौकेच्या डेकवर विमान उतरवलं. पुढे १९२० ते १९२७ इंग्लंडकडून ३१ सामने खेळला, त्यातल्या १३ मध्ये कॅप्टन. मानधन? शून्य! रग्बी युनियन तेव्हा निव्वळ हौशी खेळ होता.

पण मला भावतं ते त्याचं डोकं. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. पूर्वी जो आधी पोचेल तो मिळेल तिथे घुसायचा. थेट आमची टीम! वेकफिल्डने जागा आणि कामं ठरवून खेळायचा आग्रह धरला. मागच्या फळीने नुसतं रेटायचं नाही. बॉल बाहेर पडताच सुटायचं, समोरच्या हाफबॅकला घेरायचं, आपला गडी पळत असेल तर त्याच्या साथीला धावायचं. १९२१, १९२३ आणि १९२४ या तिन्ही वर्षी इंग्लंडने फाइव्ह नेशन्समधले चारही सामने जिंकले. १९२४ ला कॅप्टन तोच.

म्हणजे सिस्टीम आली की यश पक्कं? छे! ३ जानेवारी १९२५, ट्विकनहॅम. समोर न्यूझीलंड. त्यांच्या सिरिल ब्राउनलीला सुरुवातीलाच मैदानाबाहेर काढलं. तरीही त्या चौदा जणांनी वेकफिल्डच्या पंधरा जणांना १७-११ ने हरवलं. काय वाटलं असेल त्याला! पण गडी आणखी दोन वर्षं खेळला. नंतर १९३५ मध्ये खासदार आणि १९६३ मध्ये लॉर्डही झाला.

दुसऱ्या दिवशी मी कुणी काय करायचं याची यादी करून बोर्डावर लावली. डेडलाइन हुकेलही कदाचित. पण बॉल सुटल्यावर कुणी धावायचं, हे तरी आता ठाऊक आहे.

तुमचं काय?