क्लिप आवळली, तरी पाणी गळतंच

लवासात दासव्याला रात्रभर उभ्या असलेल्या मालट्रकखाली हिवाळ्यातल्या सकाळी हिरव्या पाण्याचे डाग पडलेले दिसले, की ड्रायव्हर आधी रेडिएटर बघतो, मग वॉटर पंप, आणि शेवटी होस पाइपच्या जोडावर थेंब सापडतो. गाडी सुरू होते, इंजिन तापतं आणि गळती थांबते. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर जोड कोरडा ठणठणीत झालेला असतो. मिस्त्री क्लिप आणखी दोन आटे आवळून देतो. आठवडाभर बरं चालतं, मग गळती परत येते, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

यात एक कोडं आहे. इंजिन गरम असताना आतला दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणजे पाणी तेव्हा सुटायला हवं. प्रत्यक्षात ते सुटतं थंडीत, दाब जवळजवळ नसताना. बाजारातला पर्यायी जोड बसवलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. कंपनीचा वळणदार साच्यातला होस महाग असतो किंवा वेळेवर मिळत नाही, म्हणून दोन सरळ तुकडे मध्ये ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा जॉइंटर घालून जोडले जातात. काम भागतं, पण जोड दोनाचे चार होतात.

क्लिप पाणी अडवत नाही. पाणी अडवतं ते दाबलेलं रबर. पाइप आणि क्लिप यांच्यामध्ये चेपलेलं रबर मूळ जाडीवर यायला धडपडतं आणि त्या धडपडीत पाइपच्या पृष्ठभागावर रेटून बसतं. हा रेटा आतल्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असेल तोवर जोड कोरडा राहतो. क्लिपचं काम फक्त रबराला पळायला जागा न देण्याचं.

आता रात्री काय होतं ते पाहा. होसचं रबर, म्हणजे बहुधा ईपीडीएम, दर अंशाला लोखंडाच्या दहापटीहून जास्त आकसतं. इंजिन ९५ अंशांवरून पहाटेच्या १५ अंशांवर आलं, तर पाच मिलिमीटर जाडीची भिंत साधारण सहा शतांश मिलिमीटरने बारीक होते. लोखंडी क्लिप तेवढी आकसत नाही. रबर नवं असेल तर हा फरक ते स्वतःच भरून काढतं. दोन वर्षं शंभर अंशांच्या आसपास शिजलेलं रबर तो भरून काढू शकत नाही, कारण चेपलेल्या अवस्थेतच त्याच्या रेणूंच्या साखळ्या नव्याने बांधल्या गेलेल्या असतात आणि चेपलेला आकारच त्याचा कायमचा आकार बनलेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. जुना होस काढला की टोकावर क्लिपची खोल खाच तशीच राहिलेली दिसते, ती हीच.

म्हणून क्लिप पिळत राहणं हा उपाय उलटा पडतो. पिळल्यावर रेटा वाढतो खरा, पण रबर आणखी चेपतं आणि उरलीसुरली उसळी लवकर संपते. स्क्रूच्या क्लिपला स्क्रूसाठी पट्टीत खाचा असतात. जास्त आवळलं की रबर त्या खाचांत घुसतं आणि कापलं जातं. ही क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १९२१ मध्ये पेटंट केली. पुण्याच्या गॅरेजांत तिला आजही जुबली क्लिप म्हणतात. साधन उत्तम आहे, पण रबर आकसल्यावर ती त्याच्या मागे जात नाही. अनेक गाड्यांच्या कारखान्यांतून येणारी स्प्रिंगची क्लिप मात्र जाते. ती दिसायला तकलादू वाटते, म्हणून दुरुस्तीत पहिल्यांदा तीच फेकली जाते आणि तिच्या जागी स्क्रूची येते. थंडीतल्या गळतीची सुरुवात मला तरी बऱ्याचदा या अदलाबदलीत दिसते. जड गाड्यांसाठी स्क्रूखाली वाटीसारख्या स्प्रिंग वॉशरांची चळत असलेली क्लिपही मिळते. चार पैसे जास्त पडतात, पण माझ्या मते ट्रकच्या मोठ्या होसवर दुसरी क्लिप लावूच नये.

चार थेंबांची एवढी चिंता कशाला, असं कोणी म्हणेल. पुण्याहून लवासाला जायचं तर चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत मुठेच्या खोऱ्यात शिरायचं, टेमघर धरणाजवळून घाट चढायचा आणि पलीकडे मोसे नदीच्या बाजूला उतरायचं. तीन आसांच्या भरलेल्या टिपरचं कायद्याने मान्य वजन २०१८ पासून २८.५ टन आहे. असा टिपर वीस मिनिटांत तीनशे मीटर उंची चढला असं धरू. नुसतं तेवढं वजन वर उचलायला सरासरी ७० किलोवॅट शक्ती लागते. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी साधारण चाळीस टक्के कामाला येते आणि पाव हिस्सा कूलंटमध्ये उतरतो. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोवॅट उष्णता, घरातले वीसेक गीझर एकाच वेळी चालू असावेत तेवढी. ती वाहून न्यायला त्या होसमधून दर सेकंदाला सुमारे दोन लिटर कूलंट फिरावं लागतं. गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून येणारा वाराही कमी. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. त्याचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे एसी चालू असताना रेडिएटरला मिळणारी हवा आधीच थोडी तापलेली.

मुळशीच्या डोंगरात उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. इंजिनात ते तसं उकळत नाही, कारण रेडिएटरचं टोपण आत साधारण एक बार जादा दाब राखतं आणि उत्कलनबिंदू १२० च्या आसपास जातो. निम्मं ग्लायकॉल मिसळलं असेल तर त्याहूनही वर. जोड गळका असला की हा दाब टिकत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. चार थेंब गेल्याने काही बिघडत नाही, पण दाब गेला की सिलिंडर हेडमधल्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यांत पाण्याची वाफ होते. वाफ उष्णता वाहून नेत नाही. तिथलं ॲल्युमिनियम किंवा बीड वाकतं, गॅस्केट फुटतं. इंजिन थंड होताना हाच जोड उलटं काम करतो. आतलं पाणी आकसून पोकळी तयार होते तेव्हा बाटलीतलं कूलंट परत ओढलं जायला हवं. त्याऐवजी जोडातून हवा आत येते आणि दुसऱ्या दिवशी घाटात ती हवा इंजिनभर फिरते.

टोपण सैल ठेवून घाट चढण्याची एक जुनी युक्ती आहे. गळती त्याने कमी होते हे खरं, पण उत्कलनबिंदूही खाली येतो, तोही नेमका चढावर. ही युक्ती इंजिन मारते. गरम इंजिनचं टोपण उघडणं तर माणसालाच मारू शकतं. ११० अंशांवरच्या पाण्याचा दाब एकदम सुटला की प्रत्येक लिटरमागे जेमतेम वीस-बावीस ग्रॅम पाण्याची वाफ होते, पण ती वाफ पस्तीस-चाळीस लिटर जागा मागते. ट्रकमध्ये असे वीसेक लिटर पाणी असतं. उघडणाऱ्याच्या तोंडावर काय येतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

एक बार ऐकायला किरकोळ वाटतं. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर तोच दाब होसला बाहेरच्या दिशेने वीस किलो वजनाएवढ्या बळाने ढकलतो. चांगल्या पाइपच्या टोकाला म्हणूनच एक उंचवटा, गोल कडा असते. होस तिच्यावरून पुढे सरकवायचा आणि क्लिप कडेच्या मागे लावायची, कडेवर नाही. बाजारातल्या कित्येक ॲल्युमिनियम जॉइंटरना ही कडाच नसते. नळी सरळ कापलेली असते आणि होस नुसत्या घर्षणावर तग धरून राहतो. असा जॉइंटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जोडावर साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ उठते. ती हाताला जेमतेम लागते. पाण्याला बाहेर जायचं असतं तेही लांबीच्या दिशेनेच, म्हणजे ही रेघ त्याची तयार वाट. तसंच ओरखड्याचं. जुना होस स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटला की पाइपवर लांबीचा चरा पडतो आणि नवा होस कितीही चांगला असला तरी त्या चऱ्यातून पाणी झिरपतं. होस बाजूने ब्लेडने चिरून सोलून काढावा, पातं पाइपला लागू देऊ नये. मग बारीक पॉलिश पेपरने पाइप घासावा, पण गोल फिरवत. गोल चरे पाण्याच्या वाटेला आडवे असतात, म्हणून ते फारसे नडत नाहीत.

ॲल्युमिनियमवर होसखाली पांढरी पूड साचलेली सापडली, तर तो गंज आहे. तो रबराला आतून उचलून धरतो. याचा संबंध थेट भरलेल्या पाण्याशी असतो. घाटात ओढ्याचं किंवा बोअरवेलचं पाणी ओतलं की क्षार येतात आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं विरळ होतात. शिवाय होस, कूलंट आणि धातू मिळून एक विद्युतघट तयार होतो आणि होसला आतून, टोकाजवळ, लांबीच्या भेगा पडतात. बाहेरून होस चकचकीत दिसतो. टोक बोटांनी चेपून पाहिलं तर मधल्या भागापेक्षा मऊ लागतं.

मापाचा घोटाळा वेगळाच. इंची आणि मेट्रिक माप एकाच दुकानात, एकाच डब्यात असतं. १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच एकमेकांत खपून जातात. पण जोड होसच्या आतल्या मापापेक्षा मिलिमीटरभर जरी लहान असला तरी आवळताना रबराला सुरकुती पडते आणि सुरकुती म्हणजे बोगदा. आट्यांच्या जोडांतही हेच. नळकामातल्या बीएसपी आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी एनपीटीचा ६०. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोघांचेही इंचाला १४ आटे, त्यामुळे एक दुसऱ्यात सहज फिरतो, घट्टही होतो आणि आट्याच्या वळणावळणाने पाणी बाहेर येत राहतं. अमेरिकी घडणीच्या इंजिनांची पुण्याला जुनी ओळख आहे, कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ ची. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे घालून कोन जुळत नाही, योग्य ॲडॅप्टरच आणावा लागतो.

खटकन बसणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात पाणी अडवते ती ओ-रिंग. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सनने १९३७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९३९ मध्ये मिळालं. तिची हुशारी अशी, की पाण्याचा दाब वाढला की तोच तिला खाचेच्या भिंतीवर रेटतो आणि ती जास्त घट्ट बसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काळी ओ-रिंग मात्र बहुधा नायट्राइल रबराची असते. तेलाला ती उत्तम, पण गरम कूलंटमध्ये कडक होऊन तडकते. इथे ईपीडीएमची हवी. दोन्ही काळ्या आणि दिसायला सारख्या, म्हणून मागताना नाव घेऊनच मागावी. ईपीडीएमला तेल आणि ग्रीस चालत नाही, ती फुगते. होस किंवा रिंग सरकवायला पाणी किंवा कूलंटच लावावं. प्लास्टिकच्या जोडावर ‘पीए ६६ - जीएफ ३०’ अशासारखी खूण कोरलेली असेल तर तो काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा आहे, एवढं तरी कळतं. खूणच नसलेला जोड इंजिनाजवळ लावू नये.

गळत्या जोडावर बाहेरून एम-सील थापणं हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात फसवा उपाय. दाब आतून बाहेर येतो आणि लेपाला पाइपवरून सोलून काढतो. या रस्त्यावरच्या टेमघर धरणाची गळती २०१६ मध्ये राज्यभर गाजली. पुढे भिंतीत ग्राउटिंग झालं आणि पाण्याकडच्या अंगाला काँक्रीटचा फवारलेला थर दिला गेला, म्हणजे पाण्याचा दाबच थराला भिंतीवर रेटतो. ट्रकच्या होसला आतून लेप देता येत नाही, म्हणून जोड सोडून नीट बसवण्याला पर्याय नाही. घाटात अडकलात आणि होसला लांबी असेल, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर होसचं मेलेलं टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून ताज्या रबरावर जोड बसवावा. तेवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत जाते.

बसवताना क्लिपला साधारण तीन ते पाच न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. नव्या रबराचा रेटा पहिल्या काही तासांत बराच उतरतो, म्हणून एकदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की क्लिप एकदाच पुन्हा आवळावी आणि मग तिला हात लावू नये. तपासायचं ते थंड इंजिनवर. टोपणाच्या जागी हातपंप लावून टोपणावर लिहिलेला दाब द्यावा. काटा दहा मिनिटं हलला नाही तर जोड पास. गरम इंजिनवर तपासणी केली तर थेंब पडायच्या आत वाळतो आणि मागे फक्त हिरवट-पांढरी खपली राहते.

जोड सोडताना खाली घमेलं ठेवलंच पाहिजे. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटरच्या आसपास प्राणघातक ठरतं, कुत्र्याला त्याहून खूप कमी. घाटाच्या एका अंगाचं पाणी टेमघरला जातं, दुसऱ्या अंगाचं वरसगावला, आणि दोन्ही धरणं पुण्याला पाणी देतात. घमेल्यातलं कूलंट स्वच्छ असेल तर कापडातून गाळून परत रेडिएटरमध्ये भरता येतं. गढूळ किंवा तेलकट असेल तर डब्यात भरून गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाच्या शेजारी, पण वेगळं ठेवावं, कारण तेलात ग्लायकॉल मिसळलं की ते तेल पुन्हा शुद्ध करणं अवघड जातं.