घराणे आणि तालीम : बहुवारसा व मिक्सिन यांविषयीचे गैरसमज

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये क्लास म्हणजे वस्तूचा साचा, आणि एका क्लासच्या मेथड, म्हणजे त्याला करता येणारी कामे, दुसऱ्या क्लासला मिळण्याच्या सोयीस इनहेरिटन्स किंवा वारसा म्हणतात. एका क्लासला एकाहून अधिक मूळ क्लास असले की तो बहुवारसा होतो, तर स्वतंत्र वस्तू घडवण्यासाठी नव्हे, केवळ इतर क्लासांना एखादी क्षमता पुरवण्यासाठी लिहिलेला छोटा घटक म्हणजे मिक्सिन होय.

गैरसमज १ : बहुवारसा आणि मिक्सिन ही परस्परविरोधी साधने आहेत.

वस्तुस्थिती : पायथनमध्ये मिक्सिनसाठी वेगळी यंत्रणाच नाही, तेथे मिक्सिन हा बहुवारसा शिस्तीने वापरण्याचा एक प्रकार आहे. रुबीमध्ये मात्र क्लासला मूळ क्लास एकच असतो आणि मिक्सिनचे काम मॉड्यूल करते. ‘मिक्सिन’ हा शब्द १९८० च्या सुमारास लिस्प मशीन या संगणकांवरील ‘फ्लेवर्स’ या प्रणालीतून रूढ झाला आणि मॅसॅच्युसेट्समधील ज्या दुकानात साध्या आइस्क्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या आवडीचे जिन्नस मिसळून देत, तेथून तो घेतला गेला.

गैरसमज २ : वारसा म्हणजे आयता मिळणारा कोड.

वस्तुस्थिती : वारशासोबत ओळख आणि बांधिलकीही येते, कारण मूळ क्लासची वस्तू जेथे चालते तेथे उपक्लासची वस्तूही चालली पाहिजे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले, तेव्हा त्यांच्याकडे केवळ मालमत्ता आली नाही, तर नाव, कूळ आणि गादीची कर्तव्ये आली. कुस्तीचे डाव मात्र कोणत्याही घरचा मुलगा कोल्हापुरातल्याच गंगावेस तालमीत वस्तादाकडून शिकू शकतो आणि ते शिकल्याने त्याचे आडनाव बदलत नाही. घराण्याचा हा संबंध वारशाचा आहे, तर तालमीचा संबंध मिक्सिनचा.

गैरसमज ३ : बहुवारसा मुळातच सदोष आहे.

वस्तुस्थिती : खरी अडचण ‘डायमंड’ रचनेत येते, म्हणजे एकाच मूळ क्लासचे दोन उपक्लास पुढे एकाच क्लासचे पालक होतात आणि दोघांनी तीच मेथड वेगवेगळी लिहिली असल्यास कोणती घ्यावी हे ठरवावे लागते. त्यावर नियम आहेत: पायथन २००३ च्या २.३ आवृत्तीपासून सी३ पद्धतीने शोधाचा एकच निश्चित क्रम लावते, तर २०१४ च्या जावा ८ पासून दोन असंबंधित इंटरफेसांतील, म्हणजे क्लासने पुरवायच्या मेथडींच्या याद्यांतील, डीफॉल्ट मेथडींचा संघर्ष प्रोग्रामरने स्वतः सोडवल्याखेरीज कंपायलर पुढे जाऊ देत नाही. धर्मशास्त्रानेही दोन्ही पित्यांचा वारस ठरणारा ‘द्व्यामुष्यायण’ पुत्र मानला, पण तो दोन्ही घरांमध्ये आधी झालेल्या कराराच्या आधारावर. दोष दोन पालक असण्यात नसून नियम न ठरवण्यात आहे.

गैरसमज ४ : मिक्सिन कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालते.

वस्तुस्थिती : पायथनच्या सॉकेटसर्व्हर या अंगभूत मॉड्यूलमध्ये प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, सुरू करणारे ‘थ्रेडिंगमिक्सइन’ आहे. ते ‘टीसीपीसर्व्हर’च्या आधी लिहिले तर विनंत्या समांतर हाताळल्या जातात, नंतर लिहिले तर विनंती हाताळणारी मूळ मेथडच आधी सापडते, मिक्सिनची मेथड झाकली जाते आणि कोणतीही त्रुटी न दाखवता सर्व्हर एकामागून एक विनंती घेत राहतो. असा मूक दोष शोधणे फार कष्टाचे असते.

म्हणून निवडीपूर्वी नवा क्लास खरोखरच मूळ क्लासच्या प्रकारचा आहे का, की त्याला एखादे काम फक्त करता यायला हवे, हे विचारले पाहिजे. पहिल्या स्थितीत वारसा योग्य आणि असे प्रकार खरोखर दोन असतील तर बहुवारसाही योग्य. दुसऱ्या स्थितीत एकाच क्षमतेचे, शक्यतो स्वतःची माहिती न साठवणारे मिक्सिन पुरते. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर दुसऱ्या क्लासची वस्तू नव्या क्लासच्या आत घटक म्हणून ठेवणे सर्वांत सुरक्षित असते.